सावली म्हणजे निदान नव्हे

नाक चोंदते, गाल जड होतात, कपाळ ठणकू लागते. चार दिवसांत उतार पडला नाही की सायनसचा एक्स-रे वा सीटी स्कॅन काढण्याची घाई होते. ‘सायनसचे अस्तर जाड झाले आहे’ असा अहवाल येतो आणि रुग्णाला वाटते, आजार सापडला. पाठोपाठ प्रतिजैविकाची चिठ्ठी येते. वस्तुतः अनेकदा सापडलेली असते ती केवळ सर्दी.

१९९४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या संदर्भात आजही बोलका आहे. साधी सर्दी झालेल्या ३१ प्रौढांचे सीटी स्कॅन काढले असता त्यांपैकी २७ जणांच्या गालाच्या सायनसमध्ये बिघाड दिसला. सुमारे दोन आठवड्यांनी १४ जणांचा स्कॅन पुन्हा काढण्यात आला. त्यांपैकी कोणीही प्रतिजैविके घेतली नव्हती. तरीही ११ जणांचा बिघाड नाहीसा झाला होता किंवा पुष्कळ ओसरला होता. अर्थ स्पष्ट आहे. सूज दिसते, पण ती विषाणूमुळे आली की जिवाणूमुळे, हे चित्र सांगू शकत नाही.

ते अधिक चांगले सांगते दिनदर्शिका. लक्षणे दहा दिवसांनंतरही ओसरली नाहीत, किंवा बरे वाटू लागल्यावर ती एकाएकी पुन्हा बळावली, तर जिवाणूसंसर्गाचा संशय घ्यावा, हा वैद्यकातील रूढ निकष आहे. गुंतागुंतीची शंका नसेल तर तीव्र सायनसदाहात प्रतिमाचित्रणाची आवश्यकता नाही, असेच मार्गदर्शक तत्त्वेही सांगतात. लहान मुलांत तर कपाळातील सायनस पुरता विकसितही झालेला नसतो. तेथे एक्स-रे कशाचा शोध घेणार? सायनसच्या एका स्कॅनमधील किरणोत्सर्ग अल्प असतो, हे मान्य. खरी हानी पुढची आहे : अनावश्यक प्रतिजैविके आणि त्यातून बळावणारे जिवाणू.

मात्र यावरून सायनसचे चित्रण व्यर्थ आहे, असा निष्कर्ष काढणे तितकेच घातक ठरेल. २०२१ चा उन्हाळा देश विसरलेला नाही. कोविडमधून सावरणाऱ्या, विशेषतः मधुमेही आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांना म्युकरमायकोसिसने ग्रासले. देशभरात ४० हजारांहून अधिक रुग्णांची नोंद झाली. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरून ऊती मृत करते आणि नाकातून डोळ्याकडे, मेंदूकडे सरकते. अशा रुग्णांतील प्रत्येक चोंदलेले नाक जिवाणूजन्य सायनसदाह समजू नका, असा इशारा त्या काळात भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने दिला होता. तेथे दहा दिवस वाट पाहणे म्हणजे डोळा, प्रसंगी प्राणही गमावणे. संसर्ग कोठवर पोहोचला, हाड पोखरले गेले का, हे सीटी आणि एमआरआय यांनीच उमगत होते. तरीही शेवटचा शब्द सूक्ष्मदर्शकाखाली तपासलेल्या ऊतीचा होता.

बारा आठवड्यांहून अधिक रेंगाळणाऱ्या आजारातही दुर्बिणीने नाकाची तपासणी किंवा सीटी स्कॅन आवश्यक ठरतो. शस्त्रक्रियेपूर्वी तर तो नकाशाच असतो. कारण सायनस आणि डोळा यांच्यामधली भिंत कागदासारखी पातळ असते.

तेव्हा वाद यंत्राशी नाही, ते कोणासाठी वापरले जाते याच्याशी आहे. गर्दीच्या दवाखान्यात सविस्तर विचारपूस करण्यापेक्षा चिठ्ठी लिहिणे सोपे जाते आणि हाती फिल्म आली की रुग्णाचेही समाधान होते. यात दोष एकट्या डॉक्टरांचा नाही. परंतु त्याची किंमत रुग्णाच्या खिशातून जाते आणि जेथे यंत्र एकच असते, तेथे निकडीच्या रुग्णाची पाळी लांबते.

म्हणून प्रत्येक चित्रणाआधी एक प्रश्न विचारला जावा : या चित्राने उपचार बदलणार आहे काय? उत्तर ‘नाही’ असेल तर थांबावे. उत्तर ‘होय’ असेल तर एक तासही दवडू नये. डोळ्याभोवती सूज, दृष्टी अंधूक होणे, एकाच्या जागी दोन दिसणे, चेहरा बधिर होणे, नाकातून काळसर स्राव येणे, ही त्या ‘होय’ची लक्षणे आहेत. ती ओळखण्यासाठी यंत्र लागत नाही. रुग्णाकडे नीट पाहावे लागते.