अर्धा, पण कोणाच्या मापाने?

१/ ‘हाफलिंग’ म्हणजे अर्धुकला. कल्पित जगांत रंगणाऱ्या खेळांमध्ये हे नाव आज एका संपूर्ण लोकसमूहाला लावले जाते. तीन फूट उंची, हसरा चेहरा, खाण्यापिण्याची आवड. पण अर्धा म्हणजे कोणाच्या अर्धा? हे माप घेतले कोणी? लहान चणीच्या कल्पित लोकांचा इतिहास, आणि नवे जग रचणाऱ्याने त्यातून घ्यावयाचा बोध. #थ्रेड

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९७४ साली गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ प्रसिद्ध झाला. टेबलाभोवती चार-पाच जण बसतात, प्रत्येक जण एका पात्राची भूमिका घेतो, एक जण ‘डंजन मास्टर’ होऊन भोवतालचे जग सांभाळतो आणि जेथे शंका तेथे फासे निर्णय देतात. छापील जग न वापरता डंजन मास्टरने स्वतः रचलेल्या जगाला ‘होमब्रू’ म्हणतात.

३/ या खेळाच्या पहिल्या आवृत्तीत छोट्या लोकांचे नाव सरळ ‘हॉबिट’ असे होते. टॉल्किनच्या साहित्याचे व्यापारी हक्क ज्यांच्याकडे होते त्यांनी आक्षेप घेतला, आणि काही वर्षांतच ‘हॉबिट’ जाऊन ‘हाफलिंग’ आला. हा शब्दही टॉल्किनच्या कादंबरीत आहे. पण तेथे तो उंच माणसांच्या तोंडचा आहे. हॉबिट स्वतःला हॉबिटच म्हणवतात आणि माणसांना ‘मोठे लोक’ म्हणतात.

४/ म्हणजे कायद्याच्या धाकाने झालेल्या या बदलात लोकांनी स्वतःला दिलेले नाव गेले आणि शेजाऱ्यांनी दिलेले उरले. नियमही त्या नावाला साजेसेच होते. १९७४ च्या पुस्तिकेनुसार अशा पात्राला केवळ योद्धा होता येई, आणि तेही चौथ्या पातळीपर्यंतच. माणसाच्या पात्राला अशी मर्यादा नव्हती.

५/ होमब्रू जगांतील बहुतेक छोटे लोक येथेच फसतात. रचणारा माणसाची आकृती घेतो, ती निम्मी करतो आणि वर एक स्वभाव चिकटवतो: भित्रे, चोरटे, खादाड किंवा गोड. असे लोक दोन बैठकांपुरती करमणूक करतात आणि विसरले जातात. लहानपण हा स्वभाव नव्हे; ती दोन शरीरांमधील तुलना आहे. तुलना कोठून केली जाते यावर सर्व काही अवलंबून असते.

६/ जुन्या नावांकडे पाहिले की हे स्पष्ट होते. ‘इलियड’च्या तिसऱ्या सर्गाच्या आरंभी क्रौंच पक्षी सागरापलीकडे उडत जाऊन ‘पिग्मी’ लोकांवर मृत्यू घेऊन कोसळतात. ‘पिग्मी’ हा शब्द ग्रीक ‘पिग्मे’वरून आला. पिग्मे म्हणजे कोपरापासून मुठीच्या उंचवट्यापर्यंतचे माप. लोकांचे नावच मोजपट्टीवरून पडले.

७/ ही मोजपट्टी भारतापर्यंतही पोचली होती. इ.स.पू. ४०० च्या सुमारास इराणी दरबारातील ग्रीक वैद्य क्टेसियस याने भारतावर ग्रंथ लिहिला. त्याने भारत पाहिलेला नव्हता. भारताच्या मध्यभागी दीड-दोन हात उंचीचे लोक राहतात, त्यांची गुरेमेंढरेही तशीच लहान, त्यांतील तीन हजार धनुर्धर राजाच्या सेवेत असतात, असे तो सांगतो. त्यांना तो कुरूप ठरवतो आणि न्यायीही म्हणतो. न पाहिलेल्या लोकांविषयी इतक्या खात्रीने बोलणे हा उंचांचा जुना विशेषाधिकार आहे.

८/ याच्या अगदी उलट दिशेने पाहणारी कथा महाभारताच्या आदिपर्वात आहे. कश्यपाच्या यज्ञासाठी सर्व जण समिधा आणत होते. इंद्राने लाकडांचा डोंगर सहज उचलला. वाटेत त्याला अंगठ्याएवढे वालखिल्य ऋषी दिसले. सर्वांनी मिळून पळसाचे एक पान उचलले होते, आणि गाईच्या खुराच्या ठशात साचलेले पाणीही त्यांना ओलांडवत नव्हते. इंद्र हसला आणि त्यांना ओलांडून पुढे गेला.

९/ वालखिल्यांनी रडगाणे गायिले नाही. त्यांनी दुसरा इंद्र निर्माण करण्यासाठी स्वतंत्र यज्ञ मांडला. देवराज घाबरून कश्यपाकडे धावला. कश्यपाने मध्यस्थी केली: यज्ञ वाया जाणार नाही, पण निर्माण होणारा इंद्र पक्ष्यांचा असेल. तोच गरुड. पुढे याच गरुडापुढे देवांच्या सेनेचे काही चालले नाही. एका हसण्याची ही किंमत.

१०/ जग रचणाऱ्याने या कथेत काय पाहावे? वालखिल्य कोठेही ‘अर्धे ऋषी’ नाहीत. त्यांचे तप, त्यांचा क्रोध आणि त्यांचा अधिकार पूर्ण मापाचा आहे. लहान आहे ते केवळ शरीर, आणि त्या शरीराचा परिणाम नेमका सांगितला आहे: एक पान हे ओझे, खुराचा ठसा हे तळे. आकाराची अडचण खरी असते. तिच्यावरून माणूस जोखणे खोटे असते. दोन्ही गोष्टी एकाच कथेत राहू शकतात.

११/ वामनाची कथा मात्र येथे उपयोगी पडत नाही. बटूच्या रूपाने आलेला वामन तीन पावले भूमी मागतो, पण ती मोजताना विराट होतो. लहान असणे हे तेथे सोंग आहे. अनेक खेळांतील छोटा नायक असाच असतो: शेवटी तो ‘आतून मोठा’ निघतो. ही प्रशंसा वाटते, पण तिच्यात मोठे असणे हाच मोठेपणा, हे गृहीत दडलेले असते.

१२/ खेळांच्या पुढील इतिहासात दोन्ही वाटा दिसतात. १९८४ मध्ये ‘ड्रॅगनलान्स’ मालिकेत ‘केंडर’ आले: भीती ठाऊक नसलेले, मालकीची कल्पना नसलेले, दुसऱ्याच्या वस्तू सहज खिशात घालणारे. टासलहॉफ हे पात्र लोकप्रिय झाले. पण संपूर्ण लोकसमूहाला एकच खोड दिल्याने असंख्य टेबलांवर केंडर म्हणजे सोबत्यांच्या पिशव्या रिकाम्या करण्याचा परवाना ठरला.

१३/ १९९१ च्या ‘डार्क सन’मध्ये हाफलिंग जंगलात राहणारे नरभक्षक झाले. हसरा शेजारी भयंकर झाला. पण नुसता उलटा केलेला साचा हाही साचाच असतो. जंगलात राहणारे छोटे, रानटी, माणूस खाणारे लोक ही प्रतिमा वसाहतकाळातील प्रवासवर्णनांतून फार परिचित आहे. पुढे हेच लोक त्या जगातील सर्वांत प्राचीन संस्कृतीचे वंशज असल्याचे दाखवले गेले, तेव्हा कोठे त्यांना भूतकाळ मिळाला.

१४/ २००४ मध्ये कीथ बेकर यांच्या ‘एबेरॉन’ने तिसरी वाट धरली. तेथील टॅलेंटा गवताळ प्रदेशातील हाफलिंग डायनासोरांवर स्वार होऊन फिरतात. त्याच वंशाची शहरी घराणी पांथशाळा आणि रुग्णशुश्रूषा चालवतात. एकच लोक, तीन जीवनपद्धती. त्यांच्यात मतभेद होऊ शकतात, आणि ज्यांच्यात आपसांत मतभेद होऊ शकतात तेच लोक खरे वाटतात.

१५/ ‘हा तर खेळ आहे, इतका विचार कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे आणि त्याला उत्तर इतिहासातच आहे. काँगोतून आणलेल्या ओटा बेंगा या तरुणाला १९०४ च्या सेंट लुईस जत्रेत आणि १९०६ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्राँक्स प्राणिसंग्रहालयात, माकडांच्या घरात, लोकांपुढे मांडले गेले. कृष्णवर्णीय धर्मोपदेशकांच्या निषेधानंतर ते प्रदर्शन बंद झाले. १९१६ मध्ये त्याने आयुष्य संपवले.

१६/ पिंजऱ्यापुढे जमलेली गर्दी क्रूर होण्याच्या हेतूने आली नव्हती. ती गंमत पाहायला आली होती. ‘पिग्मी’ हे नाव होमरपासून कथांमधून तिच्या कानांवर होते. कथेतील आकृती तिने जिवंत माणसावर बसवली. कथा आणि पिंजरा यांच्यातील अंतर वाटते तितके मोठे नसते. म्हणून कल्पित लोक रचतानाही हसणारा कोण आणि हसू कोणावर, हे पाहणे आवश्यक ठरते.

१७/ याचा अर्थ छोटे लोक सदैव गंभीर असावेत असा नाही. टॉल्किनचे हॉबिट विनोदी आहेत. ते स्वतःच्या वाढदिवशी इतरांना भेटी देतात, वंशावळ्यांत रमतात, मिळाले तर दिवसातून सहा वेळा जेवतात. पण हा विनोद त्यांच्या ओसरीवर बसून केलेला आहे. वाचक त्यांच्या घरातून बाहेर पाहतो. बाहेरून खिडकीत डोकावत नाही.

१८/ मग आरंभ कोठून करावा? परिसरापासून. इंडोनेशियातील फ्लोरेस बेटावर लियांग बुआ गुहेत २००३ मध्ये सुमारे एक मीटर उंचीच्या प्राचीन मानवजातीचे अवशेष सापडले. तिला ‘हॉबिट’ असे टोपणनाव मिळाले. मेंदू आजच्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांश, तरीही गुहेत दगडी हत्यारे. त्याच बेटावर छोट्या चणीचे स्टेगोडॉन हत्ती, मोठे उंदीर, कोमोडो ड्रॅगन आणि सुमारे सहा फूट उंचीचा करकोचा होता.

१९/ होमरच्या क्रौंचांची आठवण व्हावी असे हे दृश्य, पण येथे त्यामागे निसर्गाचे कारण आहे. बेटावर अन्न मर्यादित असते. पिढ्यान्‌पिढ्या मोठे प्राणी लहान होत जातात आणि काही लहान प्राणी मोठे होतात. असे कारण सापडले की घरे, शस्त्रे, भीती आणि देव आपोआप सुचू लागतात. ज्यांच्या आकाशात सहा फुटी पक्षी आहेत त्यांची मुले उघड्या अंगणात खेळणार नाहीत.

२०/ दुसरा आरंभ शरीरापासून. लहान शरीर उष्णता लवकर गमावते, म्हणून वजनाच्या मानाने त्याला अधिक अन्न लागते. सहा वेळा जेवणे हा मग खादाडपणा उरत नाही. ती गरज होते, आणि दुष्काळ त्यांच्या दारी आधी पोचतो. उलट त्यांना छोटे घर, कमी कापड आणि अरुंद वाट पुरते. गुण आणि दोष एकाच कारणातून निघाले पाहिजेत.

२१/ तिसरा आरंभ व्यवहारापासून, आणि तोच सर्वांत फलदायी आहे. समजा, एका बाजारपेठेत कापड हाताने मोजले जाते. कोणाच्या हाताने? उंच व्यापारी छोट्या विणकराकडून स्वतःच्या हाताने मोजून घेतो, आणि त्याच दराने त्यालाच सूत विकताना विणकराच्या हाताने मोजून देतो. या एका अन्यायातून दंगल, तह, खोट्या गजांचा धंदा आणि खेळाडूंसाठी सहा महिन्यांची मोहीम उभी राहते. त्यात राक्षस लागत नाही.

२२/ त्या विणकरांच्या सभागृहाचे दार साडेतीन फुटांचे असेल. तह तेथेच होतो, म्हणून उंच वकिलाला आत येताना वाकावे लागते. त्यांच्या भाषेत उंच माणसांना ‘वाकणारे’ म्हणतात. एवढा एक शब्द ठरला की त्या लोकांचा अभिमान, विनोद आणि इतिहास डंजन मास्टरच्या हाती येतो. तीन पानांच्या वर्णनाने जे साधत नाही ते शेजाऱ्यांना दिलेल्या नावाने साधते.

२३/ २०२४ च्या नव्या नियमपुस्तिकेत ‘वंश’ या अर्थाचा जुना शब्द काढून ‘प्रजाती’ या अर्थाचा शब्द घेतला गेला. ‘हाफलिंग’ मात्र कायम आहे. छापील पुस्तके हळूहळू बदलतात. होमब्रू जगाला ती वाट पाहण्याचे कारण नाही. तेथे कोणाचा आक्षेप नाही, कोणाचे हक्क आडवे येत नाहीत. नाव ठेवण्याचे स्वातंत्र्य पूर्ण आहे.

२४/ म्हणून नव्या जगाच्या वहीत छोट्या लोकांच्या पानावर पहिली ओळ उंचीची नसावी. ते स्वतःला काय म्हणतात, ही पहिली ओळ. उंचांना काय म्हणतात, ही दुसरी. उंची तिसऱ्या ओळीवर येऊ द्यावी, आणि तीही त्यांच्याच मापात. इंद्राला खुराच्या ठशातले पाणी दिसलेच नव्हते. वालखिल्यांना ते तळे दिसले होते. गरुडाची कथा त्या तळ्याकाठी सुरू झाली. (समाप्त)