व्हेंटिलेटरच्या आधीचे मिनिट

२०२० मध्ये बेंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने वेगळेच काम अंगावर घेतले. एरवी रडार बनवणाऱ्या या सरकारी कंपनीने म्हैसूरच्या स्कॅनरे कंपनीच्या आराखड्यावरून काही महिन्यांत ३०,००० व्हेंटिलेटर तयार केले. कौतुक झाले, व्हायलाच हवे होते. पण त्या धामधुमीत एक समज घट्ट झाला: श्वास अडला की यंत्र आणायचे. यंत्र येईपर्यंत शरीर स्वतः काय करते आणि शेजारच्या माणसाने काय करायचे, हे बाजूलाच राहिले.

शरीर बरेच काही करते. श्वासाची लय मेंदूच्या तळाशी ठरते आणि नाक, घसा, स्वरयंत्र, फुफ्फुसे तिथे सतत खबर पोहोचवत असतात. स्लोव्हाकियातील कोशित्से इथले शास्त्रज्ञ झोल्टान टोमोरी यांनी भूल दिलेल्या मांजरांच्या नाकामागचा घशाचा भाग बारीक नळीने डिवचला, तेव्हा मांजर हुंगल्यासारखा जोरदार श्वास आत ओढू लागले. १९६९ मध्ये जॉन विडिकोम यांच्यासह त्यांनी श्वासमार्गातल्या अशा प्रतिक्षिप्त क्रियांचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. प्राणवायूअभावी श्वास बंद पडलेल्या मांजरांतही असे डिवचल्यावर आचके परत आलेले पुढे दिसले.

कल्पना मोहात पाडणारी आहे. माणसांतला पुरावा मात्र तुटपुंजा आहे, आणि तीच वाट थोडी खाली गेल्यावर उलटी वागते. नवजात बाळाच्या घशात खोलवर सक्शनची नळी गेली तर हृदयाचे ठोके मंदावतात, श्वास थांबूही शकतो. म्हणूनच प्रत्येक बाळाचा घसा साफ करण्याची जुनी रीत मार्गदर्शक सूचनांतून गेली.

मिरगीच्या झटक्यात कांदा किंवा चप्पल हुंगवणाऱ्यांना टोमोरींचे संशोधन कळले तर ते खूश होतील. पण बहुतेक झटके दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबतात, श्रेय कांदा खाऊन जातो. त्या वेळी माणसाला कुशीवर वळवणे आणि तोंडात काही न घालणे, एवढेच हवे.

या क्रियांचा खरा उपयोग पाहायचा तर बेळगावला जायला हवे. तिथल्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजच्या संशोधकांनी कर्नाटकातील प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि रुग्णालयांत बाळंतपण करणाऱ्यांना एक साधे प्रशिक्षण दिले. बाळ रडले नाही तर ते कोरडे करा, पाठ चोळा. तरीही श्वास आला नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी-मास्कने हवा द्या. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष बोलके होते. प्रसूतीच्या सुमारास दगावून मृत जन्मलेल्या बाळांचे प्रमाण १.७ टक्क्यांवरून ०.९ टक्क्यांवर आले. नवजात मृत्यूदर मात्र हलला नाही, हेही सांगायला हवे. तरीही आकड्यामागची शक्यता अस्वस्थ करते: पूर्वी ‘मेलेले’ म्हणून बाजूला ठेवलेल्यांत काही बाळे जिवंत होती, फक्त श्वास घेत नव्हती.

पाठ चोळल्याने बाळ का रडते? गुदमरण्याच्या पहिल्या टप्प्यात मेंदू अजून ऐकत असतो. ओल्या त्वचेला फडक्याचा स्पर्श झाला की तो श्वासाला हुकूम देतो. दुसऱ्या टप्प्यात कितीही चोळा, उत्तर येत नाही. तिथे हवाच द्यावी लागते, आणि फुगलेले फुफ्फुसच कधीकधी आणखी एक खोल श्वास ओढायला लावते. हेन्री हेड यांनी ही उलटी प्रतिक्रिया १८८९ मध्येच नोंदवली होती. कोणता टप्पा आहे हे बाहेरून ओळखता येत नाही, म्हणून मिनिटाची मर्यादा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या आरोग्यदूतांना हेच काम घरच्या बाळंतपणात करायला शिकवले. पदवी आडवी आली नाही.

बेंगळुरूला हे कळत नाही असे नाही. इथल्याच कोएओ लॅब्सने ‘सांस’ हे नवजातांचे श्वसन-साहाय्य यंत्र बनवले. ते बॅटरीवर, रुग्णवाहिकेच्या विजेवर, वेळ पडली तर हातानेही चालते. बाळे एका रुग्णालयातून दुसऱ्याकडे नेताना वाटेत दगावतात, हे ओळखून केलेले हे काम आहे. सरकारी खरेदीची नजर मात्र मोठ्या यंत्रांवरच खिळलेली असते. आरोग्यमंत्री व्हेंटिलेटरचा आकडा सांगतात. पिशवी-मास्क हातात धरून सराव केलेल्या परिचारिका किती, हे विधानसभेत कोणी विचारत नाही. हे कौशल्य सराव सुटला की काही महिन्यांत गंजते, त्यामुळे एकदा दिलेले प्रमाणपत्र भिंतीवर लावण्यापुरतेच उरते.

कर्नाटक आणि महाराष्ट्र, दोन्ही सरकारांना सुरुवात करायला नवे बजेट फारसे लागणार नाही. प्रत्येक प्रसूतिगृहात बाळाच्या मापाचे दोन मास्क, एक पिशवी, कोरडी फडकी आणि सरावाची बाहुली ठेवावी. दर महिन्याला रात्रपाळीसकट सगळ्यांकडून सराव करून घ्यावा, आणि तपासणीला येणाऱ्या अधिकाऱ्याने रजिस्टर पाहण्याआधी ती बाहुली पुढ्यात ठेवून घड्याळ लावावे.