कंपनीच्या गेटवरचा कुत्रा चावला, तर जबाबदारी कोणाची?

कुठल्याही वर्कशॉपमध्ये गेलात, तर गेटवर एखादा कुत्रा हमखास भेटतो. वॉचमन त्याला पोळी घालतो, तो रात्री राखण करतो. सगळे त्याला ‘आपला’ म्हणतात. चावेपर्यंत.

सुप्रीम कोर्टाने 7 नोव्हेंबर 2025 ला शाळा-कॉलेज, हॉस्पिटल, क्रीडा संकुलं, बस स्थानकं आणि रेल्वे स्टेशनांतून भटकी कुत्री हटवायला सांगितलं. या यादीत कारखाने नाहीत. तिथे 2023 चे नियम चालतात: नसबंदी, लस आणि पुन्हा त्याच जागी सोडणं. म्हणजे गेटवरचा कुत्रा गेटवरच परत!

भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार ताब्यातल्या प्राण्याबाबत निष्काळजीपणा केला, तर 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण रोज पोळी घातली म्हणजे ताबा झाला का? वाद इथेच अडतो.

यात भरडतो तो कंत्राटी कामगार. ईएसआयमध्ये कामावरच्या दुखापतीला पगाराच्या 90 टक्के रोख मिळते, पण अपघाताचा दिवस सोडून किमान 3 दिवस काम करणं अशक्य असेल तरच. लसीच्या प्रत्येक डोससाठी बुडालेला अर्धा दिवस त्यात बसणं अवघड.

चावलाच तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटं धुवा. हळद-मिरची नको. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात लस घ्या. रेबीजची लक्षणं दिसल्यावर माणूस वाचणं जवळपास अशक्य. आणि सुपरवायझरकडून अपघात नोंदवहीत लगेच नोंद करून घ्या. नाहीतर उद्या ऐकावं लागेल, “बाहेर कुठेतरी चावला असेल.”