दुकानदाराच्या कमरेला पिस्तूल: घ्यायचं असेल तर आधी हिशोब करा



आपल्या नंदनवनच्या बॅचमध्ये दुकानाच्या सुरक्षेचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, रोज जवळ ठेवायला चांगलं पिस्तूल कोणतं?" विचारणारा बहुतेक वेळा सराफीचं काम करणारा असतो, नाहीतर कळमन्यात रोखीचा व्यवहार करणारा. प्रश्नात वावगं काही नाही. रात्री शटर ओढून गल्ल्याची बॅग घेऊन घरी निघणाऱ्या माणसाची भीती खरी असते.

माझं मत सरळ आहे. बहुतेक छोट्या दुकानदारांना हत्याराची नाही, रोख कमी करण्याची गरज आहे. आणि ज्याला खरंच गरज आहे, त्याच्यासाठी चांगलं हत्यार म्हणजे महागडं नाव नव्हे. वर्षाचे ३६५ दिवस, एकही चूक न होता जे सांभाळता येईल, ते चांगलं.

आधी कायदा समजून घ्या. शस्त्र अधिनियम १९५९ आणि शस्त्र नियम २०१६ यांच्यावर सगळं चालतं. वय किमान २१ लागतं. नागपूर शहरात परवाना पोलीस आयुक्त देतात, ग्रामीण भागात जिल्हाधिकारी. अर्जासोबत वैद्यकीय दाखला लागतो, हत्यार हाताळण्याचं प्रशिक्षण लागतं, ते घरी सुरक्षित ठेवण्याची सोय दाखवावी लागते. पोलीस चौकशी होते. "मी व्यापारी आहे" एवढं पुरत नाही. धंद्याच्या स्वरूपामुळे जिवाला धोका आहे हे कागदावर दिसावं लागतं: धमकीची तक्रार, आधीच्या घटनेचा एफआयआर, मालाची ने-आण दाखवणारी बिलं, आयकर विवरणपत्रं. एवढं करूनही परवाना मिळेलच याची खात्री नाही.

इथे कोणीतरी शॉर्टकट सुचवतो. "काहून एवढी झंझट करता भाऊ, कट्टा स्वस्तात मिळते." हे ऐकलं की तिथून उठा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना हत्यार बाळगण्याची शिक्षा किमान २ वर्षं, जास्तीत जास्त ५ वर्षं आहे. शिवाय गावठी कट्टा कधी हातातच फुटेल याचा भरवसा नाही. चोराने गल्ला नेला तर महिन्याभराचं नुकसान होतं. कट्टा सापडला तर दुकानच बंद होतं.

आता परवाना मिळाला असं धरू. निवड कशी करायची?

पहिली गोष्ट, इंटरनेटवर दिसणारी परदेशी मॉडेल्स डोक्यातून काढा. ९ एमएम आपल्याकडे सामान्य नागरिकासाठी प्रतिबंधित बोअर आहे. आयातही १९८० च्या दशकापासून जवळपास बंद आहे, त्यामुळे जुन्या परदेशी हत्याराला इथे अवाच्या सवा भाव लागतो. ते पैसे दर्जाचे नसतात, दुर्मिळपणाचे असतात. आपली निवड मुख्यतः .३२ बोअरमध्ये आहे.

दुसरी गोष्ट, रिव्हॉल्व्हर की पिस्तूल? कानपूरच्या कारखान्यांचं .३२ रिव्हॉल्व्हर सहा गोळ्यांचं असतं. सिलिंडर उघडलं की भरलंय की रिकामं ते डोळ्यांना दिसतं. ईशापूर रायफल फॅक्टरीचं 'अशनी' पिस्तूल चपटं, कपड्याखाली कमी दिसणारं. पण त्यात मॅगझिन काढलं तरी नळीत एक गोळी राहू शकते, आणि 'मी रिकामं केलं होतं' म्हणत होणारे अपघात तिथेच होतात. ज्याने आयुष्यात कधी हत्यार हाताळलं नाही, त्याने रिव्हॉल्व्हरच घ्यावं असं माझं मत आहे. दोघांची काडतुसंही वेगळी असतात. दोन्हीकडे .३२ लिहिलंय म्हणून एकाचं दुसऱ्यात चालत नाही.

तिसरी गोष्ट वजन. २०१४ मध्ये आलेलं 'निर्भीक' ५०० ग्रॅमचं, तेव्हाची किंमत सुमारे सव्वा लाख. 'निडर' .२२ बोअरचं, फक्त २५० ग्रॅम. २०२३ मध्ये आलेलं 'प्रबल' ७०० ग्रॅमचं, त्याची पल्ला ५० मीटर सांगितली जाते. हलकं हत्यार बाळगायला सोपं, पण झटका हाताला जास्त जाणवतो आणि नेम धरणं कठीण होतं. जड हत्यार चालवायला बरं, पण पंधरा दिवसांत घरच्या कपाटात जाऊन बसतं. आणि ५० मीटरच्या पल्ल्याचं दुकानदाराला काय करायचंय? दुकानाच्या काउंटरपासून दारापर्यंत पाच मीटरही अंतर नसतं. जाहिरातीतला आकडा आपल्या गरजेचा आहे का, हे मशीन घेताना विचारता ना? इथेही विचारा. हातात धरून बघा. ट्रिगर ओढायला किती जोर लागतो, बोट नीट पोचतं का, तपासा.

चौथी गोष्ट सुटे भाग आणि काडतुसं. खडकीच्या कारखान्याची 'के.एफ.' शिक्क्याची काडतुसं वापरणारं देशी हत्यार असेल तर पुरवठ्याचा प्रश्न कमी येतो. सराव करणार नसाल तर हत्यार घेऊच नका. काडतुसांची संख्या परवान्यावर ठरलेली असते, त्यातूनच सराव काढावा लागतो.

पाचवी गोष्ट होल्स्टर. लोक लाखाचं हत्यार घेतात आणि खिशात टाकून फिरतात. नियम सांगतो की सार्वजनिक ठिकाणी ते होल्स्टरमध्ये, पूर्ण झाकलेलं आणि आपल्या ताब्यात असलं पाहिजे. ट्रिगर पूर्ण झाकणारं, घट्ट होल्स्टर हा हत्याराचाच भाग समजा. लग्नात काढून हवेत गोळी झाडली, तर २ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं.

आता तो हिशोब, जो दुकानात कोणी सांगत नाही. तुम्ही गावाला गेलात तर ते मुलाच्या किंवा नोकराच्या हाती देता येत नाही. निवडणुकीच्या काळात जमा करण्याचा आदेश येऊ शकतो. कोर्टात, अनेक कार्यालयांत आत नेता येत नाही. जेवायला बसताना, दुपारी दुकानातच डुलकी घेताना, घरात लहान मुलं असताना ते कुठे असेल? याचं उत्तर तयार नसेल तर तुम्ही सुरक्षा नाही, नवी जोखीम विकत घेताय.

आणि गोळी चाललीच तर? भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क आहे. पण तो धोका असेपर्यंतच आणि गरजेपुरताच. बॅग घेऊन पळणाऱ्याच्या पाठीत गोळी घातली तर "माझे पैसे होते" हे उत्तर कोर्टात पुरणार नाही. बॅगेत दीड लाख असतील, पण खटला वर्षानुवर्षं चालेल. त्या काळात दुकान कोण चालवणार?

म्हणून परवान्याच्या अर्जाआधी एक महिना हे करून बघा. ग्राहकांना क्यूआर कोडची सवय लावा. तसंही एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख किंवा जास्त रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई आहे, आणि १०,००० च्या वरचा रोख खर्च साधारणपणे वजावटीत धरला जात नाही. रोख दिवसातून दोनदा बँकेत भरा. घरी जायची वेळ आणि रस्ता बदलता ठेवा. रोख नेताना लुटली गेली तर भरपाई देणारा विमा मिळतो, शॉपकीपर पॉलिसीत त्याची विचारणा करा. कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग दुकानाबाहेरही साठवा.

महिन्याच्या शेवटी बॅगेत किती रोख उरते ते लिहा. किराणा, कपडे, मोबाईल, हार्डवेअर, यातल्या बहुतेकांचा आकडा एवढा खाली येईल की सव्वा लाखाचं हत्यार त्याच्या रक्षणाला घेणं हास्यास्पद वाटेल. ज्याचा धंदाच सोन्याची ने-आण करण्याचा आहे, ज्याला नाव घेऊन धमकी आली आहे, त्याचा आकडा खाली येणार नाही. त्याने जरूर अर्ज करावा, साधं रिव्हॉल्व्हर घ्यावं आणि नियमित सराव करावा.

बॅग हातातून गेली तर धंदा पुन्हा उभा राहतो. समोरचा हत्यार रोखून उभा असेल तर बॅग द्या आणि घरी पोचा. ११२ नंबर फोनमध्ये आजच सेव्ह करा.