दिवे मालवा ना!

डिसेंबर लागला की 'केल्टिक ख्रिसमस' नावाचा एक गुळगुळीत प्रकार कानावर पडायला लागतो. मागे सिंथेसायझरचं धुकं, पुढे एखादी बासरी. वाईट नाही, पण दुसऱ्या गाण्याला मला झोप येते.

त्यापेक्षा वेक्सफर्डमधल्या किलमोर गावची नाताळगीतं ऐका. सहा पुरुष, तिघातिघांचे दोन गट, आळीपाळीने एकेक कडवं. वाद्य एकही नाही. त्यातल्या काही गाण्यांचे शब्द बिशप ल्यूक वॉडिंग यांच्या १६८४ सालच्या पुस्तकातले. लय इतकी संथ की पहिल्यांदा ऐकताना मी चक्क कंटाळलो होतो. आता नाताळ त्यांच्याशिवाय होत नाही.

गोष्टींचंही तेच. आयर्लंडात गोष्टींचा हंगाम हिवाळ्याचा. शनाखी म्हणजे तिथला कथेकरी, त्याची बैठक चुलीपाशी, रात्री. वीरकथा दिवसाउजेडी सांगणं अशुभ मानायचे! १९३५ मध्ये लोककथा आयोग स्थापन झाला आणि त्याच्या माणसांनी गावोगाव फिरून हे सगळं टिपून ठेवलं. एकट्या पेग सेयर्स आजींकडून शेकडो गोष्टी मिळाल्या. त्यांचं ग्रेट ब्लास्केट बेट मात्र १९५३ मध्ये रिकामं झालं. गोष्टी वाचल्या, ऐकणारं गाव गेलं.

म्हणूनच या गोष्टी झगझगीत रंगमंचावर, दीड तासात कोंबलेल्या पाहिल्या की मला चीड येते. मग नव्या पोरांनी ऐकायच्या कुठे? प्रश्न रास्त आहे. पण निदान दिवे तरी मालवा ना! न्यूग्रेंजच्या पाच हजार वर्षं जुन्या थडग्यात २१ डिसेंबरच्या सुमारास सकाळी सतरा मिनिटं ऊन शिरतं, त्यासाठी माणसं आत काळोखात उभी राहतातच की.

मी त्या रात्री घरातले दिवे बंद करून ऐकतो. बायको म्हणते, तेवढंच बिल वाचतं.