जड म्हणजे भक्कम नव्हे

तुमच्या घरामागच्या बागेत अंड्याच्या आकाराचा, जाड सिरॅमिकचा ग्रिल असेल आणि येत्या काही महिन्यांत घर बदलायचं असेल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. ग्रिल नसला तरी वाचायला हरकत नाही. फ्रिज किंवा देशातून हौसेने आणलेला पाटा-वरवंटा हलवतानाही आपण तीच चूक करतो.

गेल्या वर्षी आम्ही मेडनहेडमधल्याच एका भाड्याच्या घरातून दुसऱ्या घरात गेलो. अंतर जेमतेम दोन मैल. मदतीला दोन मित्र, भाड्याने आणलेली व्हॅन आणि संध्याकाळी सगळ्यांना मिसळ, असा बेत. ग्रिल साधारण ७० किलोंचा, चाकांच्या स्टँडवर ठेवलेला. ‘एवढा जड आहे, त्याला काय होतंय,’ असं म्हणत आम्ही तो वरच्या बाजूने ढकलत निघालो. पुढचं चाक दोन फरश्यांमधल्या फटीत अडकलं, चाक थांबलं, ग्रिल थांबला नाही. तो पुढे कलला तसे एका मित्राचे हात आणि पाय आपोआप पुढे गेले. ग्रिल त्याच्या बुटापासून वीतभर अंतरावर आपटला आणि झाकणाचे तीन तुकडे झाले.

झाकणाचं दुःख चार दिवसांत ओसरलं. ती वीतभर जागा मात्र अजून डोळ्यांसमोर येते. माझी पीएचडी भौतिकशास्त्रातली आहे, म्हणून जास्तच लाज वाटते.

आमची मूळ चूक समजून घ्यायला मेडनहेडहून चांगली जागा नाही. इथे थेम्स नदीवर इझम्बार्ड किंग्डम ब्रुनेलने बांधलेला रेल्वेचा पूल आहे. १८३९ साली त्यावरून वाहतूक सुरू झाली. त्याच्या दोन मुख्य कमानी निव्वळ विटांच्या आहेत. प्रत्येकीचा विस्तार सुमारे ३९ मीटर, उंची मात्र जेमतेम ७ मीटर. तुम्ही एलिझाबेथ लाइनने लंडनहून इथे आला असाल, तर याच पुलावरून आला आहात. वीट म्हणजे भाजलेली माती, आणि ग्रिलही मुळात भाजलेली मातीच. मग एक पावणेदोनशेहून अधिक वर्षं आगगाड्या पेलतो आणि दुसरा एका ठोकरीने फुटतो, असं का?

कमानीत प्रत्येक वीट शेजारच्या विटांमध्ये दाबली जाते. भाजलेली माती दाब प्रचंड सोसते, ताण मात्र तिला सोसत नाही. पापड दोन्ही हातांत धरून वाकवून पाहा. वाकताना त्याची एक बाजू दाबली जाते आणि दुसरी ताणली जाते. तडा नेहमी ताणलेल्या बाजूने सुरू होतो. ग्रिल कडेवर आपटला किंवा एखाद्या खड्यावर टेकला की त्याची भिंत अशीच वाकते.

यामागचं कारण मेडनहेडच्या दक्षिणेला, तासाभराच्या अंतरावर असलेल्या फार्नबरोमध्ये उलगडलं. तिथल्या विमान संशोधन संस्थेत काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथने १९२१ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात दाखवलं, की काच हिशोबापेक्षा कितीतरी कमी ताणाला फुटते ती तिच्यातल्या बारीक चिरांमुळे. चिरेच्या टोकाशी ताण एकवटतो. चीर चौपट लांब झाली की वस्तू निम्म्याच ताणाला फुटते. पोलादात चिरेचं टोक थोडं दबतं, बोथट होतं. सिरॅमिकला ती सोय नाही. म्हणून ग्रिलची जाडी पाहून त्याच्या मजबुतीचा अंदाज बांधू नका. त्याची मजबुती त्यातली सगळ्यात वाईट चीर ठरवते, आणि ती बहुधा तुम्हाला दिसत नाही.

आता आपटण्याचा हिशोब करू. वस्तू जितक्या कमी अंतरात थांबते, तितका धक्का मोठा. ७० किलोंचा ग्रिल १० सेंटिमीटरवरून काँक्रीटवर पडला आणि १ मिलिमीटरमध्ये थांबला, तर त्याला थांबवणारं सरासरी बल त्याच्या वजनाच्या सुमारे शंभरपट होतं, म्हणजे ७ टनांच्या ओझ्याएवढं. तोच फोमवर पडून २ सेंटिमीटरमध्ये थांबला, तर ते पाच-सहा पटींवर येतं. पेणचे मूर्तिकार गणपती परदेशी पाठवताना खोक्यात जे भरण घालतात, किंवा कुंभार बैलगाडीत मडक्यांखाली जो पेंढा पसरायचा, त्यामागचा हिशोब हाच. भरण फार मऊ असलं तर ते पूर्ण चेपून वस्तू तळाला टेकते, फार कडक असलं तर चेपतच नाही. दाट फोम किंवा घडी घातलेली जाड ब्लँकेटं चालतात, बबल रॅपचा एक वेढा पुरत नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत असं, की ग्रिल अख्खा उचलूच नये. आतली जाळी, वरचं कडं, निखाऱ्यांचं भांडं असे सुटे भाग आधी काढा आणि प्रत्येक भाग वेगळा गुंडाळा. सिरॅमिकला सिरॅमिक टेकता कामा नये. झाकण काढायचं असेल तर त्या मॉडेलची पुस्तिका वाचूनच काढा. बिजागरीत स्प्रिंग असेल, तर झाकणाचं वजन हटताच ती झटक्याने उघडते आणि बोटं सापडू शकतात. बाजूची फळी आणि झाकणाची मूठ धरून ग्रिल उचलू नका. खालचं भांडं व्हॅनमध्ये सरळ उभं ठेवा, तळ सगळीकडे नीट टेकलेला, आणि पट्ट्यांनी भिंतीशी बांधलेलं. राख आणि निखारे आदल्या दिवशीच, पूर्ण थंड झाल्याची खात्री करून काढा. धुमसता निखारा बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइड सोडतो, आणि त्याला वास नसतो.

‘आम्ही चौघं आहोत, उचलू की,’ असं तुम्ही म्हणाल. ब्रिटनमधली एचएसई ही सरकारी संस्था कामगारांसाठी जे मार्गदर्शन देते, त्यात कमरेच्या उंचीवर, अंगाजवळ धरून उचलायला पुरुषासाठी २५ आणि स्त्रीसाठी १६ किलोंचा आकडा आहे. दोघांनी मिळून उचललं तर क्षमता दुप्पट होत नाही. दोघांच्या बेरजेची दोन-तृतीयांश धरा, असं ते सांगतात. म्हणजे दोन पुरुष मिळून सुमारे ३३ किलो. माणसं वाढवली की पावलं जुळत नाहीत, एकाला समोरचं दिसत नाही, आणि एकाचा हात सुटला की सगळा भार दुसऱ्यावर येतो. फर्निचर हलवणारे व्यावसायिक अख्खा ग्रिल नेतात, हे खरं. पण त्यांच्याकडे पट्टे, ट्रॉली, मागे वरखाली होणारी फळी असलेली गाडी आणि रोजचा सराव असतो. आपल्याकडे उत्साह असतो.

इथे मला आपल्या माणसांबद्दल थोडं कडू बोलायचं आहे. परदेशात मित्राने घर हलवायला येणं ही मोठी माया आहे, मीही अनेकांकडे गेलो आहे. पण त्या मायेच्या भरवशावर आपण ट्रॉलीचे पैसे वाचवतो. मित्राची पाठ फुकट मिळते, म्हणून ती स्वस्त नसते. खोकी भरायला, मुलं सांभाळायला, मिसळ खायला मित्रांना जरूर बोलवा. ग्रिलसाठी ट्रॉली आणा किंवा माहितगार माणसं बोलवा. दोन्ही परवडत नसेल, तर ग्रिल विकून टाका.

आणि निघण्याआधी सगळ्यांना एक वाक्य मोठ्याने सांगा: पडू लागला तर पडू द्या. पडणारी वस्तू धरायला हात आपोआप जातो, म्हणून हे आधी ठरवावं लागतं.

नव्या घरी पोचल्यावर प्रत्येक सुटा भाग बोटाच्या पेराने वाजवून पाहा. बाजारात माठ घेताना आई करायची तसं. खणखणीत वाजला तर ठीक. बद्द वाजला तर आत तडा असण्याची शक्यता आहे, कारण तड्याच्या दोन कडा एकमेकींवर घासून कंपनं मारतात. मोठा तडा दिसला, तर उत्पादकाला विचारल्याशिवाय पेटवू नका. पहिली आच मंदच ठेवा, म्हणजे मुरलेला ओलावा हळूहळू निघून जाईल.

आम्ही नवं झाकण मागवलं. ते बसवायला तोच मित्र आला होता. या वेळी तो ट्रॉली घेऊनच आला.