अजगर पाळणारांस दोन शब्द

हल्लीं सुशिक्षित घरांतून एक नवें खूळ शिरलें आहे. कुत्रें, मांजर, पोपट यांवर ज्यांचें समाधान होत नाहीं असे तरुण अजगराचें पिल्लूं पाळतात, तें गळ्यांत घालून छायाचित्रें काढवितात, आणि पिल्लूं चावूं लागलें म्हणजे ‘हें फार रागीट आहे, यास शांत कसें करावें?’ असें चार जाणत्यांस विचारीत सुटतात. ज्यास ते राग म्हणतात तें निव्वळ भय आहे. एवढीही ओळख ज्यास नाहीं, त्यानें त्या जीवाचें पालकत्व कोणत्या बळावर पत्करावें?

हें मी केवळ दुसऱ्याकडे बोट दाखवून लिहीत नाहीं. आमचें मेडशी अकोला-वाशीम रस्त्यावरचें गांव. काटेपूर्णा अभयारण्याचें रान येथून फारसें दूर नाहीं. दोन पावसाळ्यांमागें आमच्या खळ्यांत कुटाराच्या ढिगाखालीं हातभर लांबीचें एक पिल्लूं निघालें. गड्यांनीं घोणस समजून काठ्या उचलल्या. त्यांचा दोष नाहीं. दोघांच्या अंगावरचे ठिपके वरवर पाहणारास सारखेच दिसतात, आणि उलट अजगर समजून घोणस उचलणारास तर ती चूक प्राणावर बेतते. माझा भाचा तेव्हां अकोल्यास महाविद्यालयांत शिकत होता व सुटींत आमच्याकडे आला होता. त्यानें पिल्लूं ओळखलें आणि वांचविलें. येथपर्यंत सर्व ठीक झालें. पुढें मात्र त्यानें तें कांचेच्या पेटींत ठेवलें, आणि मी, घरांतला वडील माणूस, ‘राहूं दे चार दिवस’ असें म्हणालों.

चाराचे आठ झाले. पेटी दिवाणखान्यांत, वर लखलखीत दिवा, भोंवतीं शेजारच्या मुलांचा गराडा. पिल्लूं मान आंखडून वांकडी करी, फूत्कार टाकी आणि कांचेवर झडप घाली. शेवटीं त्याच्या नाकाडावरची कातडी सोलून निघाली. भाचा म्हणे, “मामा, रोज हातांत घेतलें कीं सवय होईल त्याला.” रोज घेतलें, रोज चावलें, आणि अन्नास त्यानें तोंड लावलें नाहीं.

त्या पिल्लाच्या जागीं क्षणभर बसून पाहावें. आईनें वेटोळें घालून, अंग थरथरवून अंड्यांस ऊब दिली खरी. पण अंड्यांतून बाहेर पडल्यावर त्यास कोणी वाली नाहीं. घार, मुंगूस, रानडुक्कर या सर्वांचें तें भक्ष्य. डोळ्यांस पापण्या नाहींत, म्हणून नको तें दृश्य मिटून टाकतां येत नाहीं. ओठांवरच्या खांचांनीं जवळच्या उबदार देहाची जाणीव होते. वरून येणारा ऊन हात त्यास शत्रूवांचून दुसरें काय वाटणार? विष नाहीं, वेग नाहीं. लपण्यास जागा होती ती आम्हीं काढून घेतली. उरले दांत. ते वापरले म्हणून तें रागीट ठरलें!

वनपर्वांत अजगर झालेल्या नहुषानें भीमास विळखा घातला, तेव्हां भीमाचें सारें बळ फुकट गेलें. युधिष्ठिरानें शांतपणें प्रश्नांचीं उत्तरें दिलीं तेव्हां तो सुटला. भागवताच्या एकादश स्कंधांतल्या अवधूतानें तर अजगरास गुरूंत गणलें आहे. त्याला शिकवूं पाहणारे शिष्य आमच्याच काळीं निघाले.

१९८० सालीं पुण्यांत नीलिमकुमार खैरे बहात्तर सापांच्या सोबत बहात्तर तास एका कांचेच्या खोलींत राहिले. डिवचल्यावांचून साप चावत नाहीं, हें त्यांस दाखवावयाचें होतें. पुढें १९८६ सालीं कात्रजला सर्पोद्यान उभें राहिलें तें त्यांच्याच खटपटीनें. त्या प्रयोगांत शांत राहण्याचें काम माणसाकडे होतें. आमच्या हौशी मंडळींनीं तें सोयीस्करपणें सापाकडे सोंपविलें आहे.

कायद्याचें म्हणाल तर वाद नाहींच. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें आपला अजगर पहिल्या अनुसूचींत आहे. तो धरणें व बाळगणें हा तीन ते सात वर्षांच्या कैदेचा अपराध. तेव्हां पिल्लूं सांपडलें तर दूर उभें राहून वनखात्यास कळवावें. याखेरीज शांत करण्याचा उपाय नाहीं.

यावर कोणी म्हणेल, ‘आमचा अजगर आफ्रिकेचा, पैसे मोजून घेतलेला.’ असो. त्याचीही नोंद करणें २०२२ च्या दुरुस्तीनें बंधनकारक झालें आहे, ती केली असेल असें धरून चालतों. मग निदान एवढें करा. घरीं आणल्यावर आठवडाभर त्यास हात लावूं नका. अंग चोरून बसतां येईल अशी अंधारी ढोली आणि एका बाजूस ऊब द्या. गिळल्यावर दोन दिवस उचलूं नका. नाहींतर तें खाल्लेलें ओकून टाकील. उंदराचा वास हातास असेल तर धुवून या, आणि हाताळल्यावरही पुन्हां धुवा, कारण अशा प्राण्यांपासून पोटाचे विकार जडतात. हात वरून आणूं नका, बाजूनें आणा. मान धरूं नका, सारें अंग तोलून धरा. मान आंखडलेली दिसली तर मागें या. चावलें तर हिसका देऊं नका, त्याचे दांत आंत वळलेले असतात व हिसक्यानें तेच मोडतात. अशा रीतीनें कांहीं महिन्यांनीं तें निवांत बसूं लागेल. त्यास प्रेम समजूं नका; तुमच्यापासून धोका नाहीं एवढेंच त्यानें ठरविलेलें असतें. आणि ज्यास एवढा धीर नाहीं त्यानें मातीचा अजगर आणून दिवाणखान्यांत ठेवावा. तो छायाचित्रांतही छान दिसतो.

आमच्या पिल्लास नवव्या दिवशीं वनरक्षक घेऊन गेले. आम्ही दोघेही बरोबर गेलों. नाल्याकांठीं पिशवीचें तोंड उघडतांच तें खडकाच्या कपारींत शिरलें. भाच्याच्या मनगटावर दांतांचे ठिपके पुढें बरेच दिवस होते. ते तो मित्रांस मोठ्या ऐटींत दाखवी. नाकाडाची गोष्ट मात्र त्यानें कोणास सांगितल्याचें मीं ऐकलें नाहीं. मींही आजवर सांगितली नव्हती.